वाणात लुटलेला नंबर

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तीर्थपुरीच्या बाजूला आहे, गुरुवारी बाजार भरतो, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर लोक तो बोर्ड बघायला यायचे, आणि आलेल्या प्रत्येकाला प्रभावतीबाईंना चहा करावा लागायचा.

बोर्ड प्रभावतीबाईंच्या टायपिंग क्लासचा. अठरा वर्षांत या क्लासातून तलाठी निघाले, कोर्टातले कारकून निघाले, एक तर मंत्रालयात गेला आणि दिवाळीला कार्ड पाठवायचा. पण दोन हजार सातच्या जानेवारीत क्लासात टाइपरायटर अकरा होते आणि विद्यार्थिनी चार. त्यातली एक घरातली कटकट चुकवायला येत होती. यंत्रापुढं बसून ती डुलकी काढायची आणि बाई तिला उठवत नसत.

बाईंचे यजमान धर्मराज गुरुजी गावच्या शाळेत हेडमास्तर. माणूस वाईट नाही, पण हिशेबी डोक्याचा. दसऱ्यापासून ते येता-जाता क्लासच्या खोलीत डोकावत आणि भिंतीला हात लावून बघत. शेवटी एके दिवशी म्हणालेच, "खोली कोरडी आहे. तुरीच्या पोत्यांना चांगली."

त्या रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं, एवढीच नोंद.

अशात जालन्याहून पत्र आलं. 'हिरवाई सीड्स' नावाच्या बियाण्याच्या कंपनीला मराठी टायपिंग करणारं माणूस हवं होतं. बियाण्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, किती अंतरावर पेरा, कोणती फवारणी कधी करा, तो. रोज तीस पानं, बारा महिने. तीस पानं म्हणजे चारही मुलींना काम, वर आणखी चार शिकायला येतील. अट एकच होती. टाइप केलेलं थेट कंपनीच्या कॉम्प्युटरात पडलं पाहिजे, आणि त्या कॉम्प्युटरच्या दारावरचा पहारेकरी फक्त ओळखीच्या नंबरालाच आत सोडतो.

इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो. साध्या कनेक्शनला आज एक मिळतो, उद्या दुसरा. कंपनीला रोज तोच, न बदलणारा नंबर हवा होता. त्याला म्हणतात स्टॅटिक आयपी. पत्रात शेवटी लिहिलं होतं, की सोमवार, बावीस जानेवारी, सकाळी अकरा वाजता आमचा इंजिनिअर इथून तुमच्या नंबराला हाक मारेल. तुमच्या कॉम्प्युटरनं ओ दिली तर काम तुमचं. न दिल्यास औरंगाबादची एक पार्टी तयार आहे.

औरंगाबादची पार्टी हे दोन शब्द वाचले आणि बाईंच्या अंगात वारं भरलं. पत्र त्यांनी पडवीतल्या तुरीच्या पोत्यावर ठेवलं, गुरुजींना बरोबर दिसेल अशा बेतानं.

कॉम्प्युटर बाईंकडे होता. ब्रॉडबँडही दिवाळीतच आलं होतं. फक्त तो चालवायला त्यावर सगळ्यांकडची नेहमीची प्रणाली नव्हती, लिनक्स होतं. ते का, तर जालन्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका मासिकाबरोबर त्याची, लाल टोपीचं चित्र असलेली सीडी फुकट मिळाली म्हणून. पंचक्रोशीत दुसरं लिनक्स नव्हतं, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारायला कुणी नसलं की बाई फार लवकर शिकत. शिवाय त्यांचा एक सिद्धांत होता. बाकीच्या कॉम्प्युटरांना उंदीर फिरवणारी माणसं चालतात. लिनक्सला बिनचूक टाइप करणारी लागतात. मिनिटाला पन्नास शब्द, चूक शून्य, अशी बाई देशात कुठं ना कुठं कामी येणारच होती. ते ठिकाण लिनक्स निघालं.

स्टॅटिक आयपीसाठी टेलिफोनच्या ऑफिसात अर्ज करायचा होता. तिथले ज्युनिअर इंजिनिअर काकासाहेब भला माणूस, पण त्यांच्या हातात आलेला फॉर्म बँकांसाठी छापलेला.

"मॅडम, शाखा क्रमांक काय लिहू?"

"आमची एकच खोली आहे."

"मंग एक लिहितो. शाखेत सुरक्षारक्षक किती?"

बाईंनी विचार केला. समोरच्या जयवंताबाई दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावर नजर ठेवायच्या. "एक," त्या म्हणाल्या.

"आता येक राह्यलं. मशीन तुमच्याच ठिकाणी आहे याचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीचा चालंल."

ग्रामसेवकांकडे जन्माचा दाखला होता, मृत्यूचा होता, रहिवासाचा होता, कॉम्प्युटरचा नव्हता. त्यांनी बराच वेळ कपाट उचकलं, मग रहिवासाचाच एक छापील कागद काढून मोकळ्या जागा भरल्या. "दाखला देण्यात येतो की, संगणक, वय वर्षे तीन, हा मौजे येथील रहिवासी असून मी त्यास व्यक्तिशः ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे."

"वर्तणूक कशाला?" बाईंनी विचारलं.

"छापीलच आहे. खोडलं तर संशय येतो," ग्रामसेवक म्हणाले आणि शिक्का मारला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नंबर मिळाला. २०३.०.११३.४७. बाईंनी तो कागद घरापर्यंत पिशवीत ठेवला नाही. हातात धरून आणला, न्हाणीतून बाळ आणावं तसा. जयवंताबाईंनी ओट्यावरूनच हाक दिली.

"प्रभावती, मिळाला का गं?"

"मिळाला काकू!"

"बघू." जयवंताबाईंना वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते, आयुष्यभर बाजार केलेला. त्यांनी बोटांवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि कागद कपाळाला लावला. "अगं, एकवीस होतात! गणपतीच्या दुर्वा एकवीस. बिलकुल शुभ नंबर दिलाय. फक्त मधी ते मोकळं शून्य कशाला ठेवलं?"

"तिथं शून्यच आहे, काकू."

"तेच म्हणते. उगी जागा खाऊन राह्यलंय. नऊ मागून घ्यायचा होता."

नंबर मिळणं वेगळं आणि कॉम्प्युटरच्या गळी उतरवणं वेगळं. काकासाहेबांनी फोनवरून मदत करायचा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला.

"मॅडम, स्टार्टवर क्लिक करा."

"स्टार्ट नाहीये."

"असं कसं? डाव्या कोपऱ्यात खाली बघा."

"डाव्या कोपऱ्यात लाल टोपी आहे."

"कुणाची?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

शेवटी असं ठरलं की काकासाहेबांनी फक्त आकडे सांगावेत, नंबर आणि त्याच्यासोबत लागणारे तीन, म्हणजे त्याचा मुखवटा, पुढच्या दाराचा नंबर, नावं सांगणाऱ्याचा नंबर, आणि बाईंनी ते आपल्या पद्धतीनं टोपीच्या गळी उतरवावेत. बाईंनी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, चार ओळी टाइप केल्या, एंटर मारलं. मॉडेमचे दिवे लुकलुकले आणि पडद्यावर जगातली कुठलीशी वेबसाइट हळूहळू, पडदा वर जावा तशी, उघडत गेली. बाईंनी टाळी वाजवली. डुलकी काढणारी मुलगी जागी झाली आणि तिनंही वाजवली.

तेवढ्यात लाईट गेली.

दोन तासांनी लाईट आली तेव्हा नंबर गायब! बाईंनी पुन्हा चार ओळी टाइप केल्या. पुन्हा लाईट गेली. त्या काळात आपल्याकडे भारनियमन किती होतं हे मी कुणाला सांगायला नको. दोन दिवसांत बाईंनी त्या चार ओळी एकोणीस वेळा टाइप केल्या. पोळ्या लाटताना त्या ओठांतून बाहेर पडायला लागल्या.

"असा कसा गं कायमचा नंबर?" जयवंताबाई ओट्यावरून म्हणाल्या. "लाईट गेली की ह्यो बी जातो. गावातल्या बल्बात आन् ह्याच्यात फरक काय?"

हे बाईंना लागलं. पण म्हातारीच्या बोलण्यातच उत्तर होतं: लाईट आली की बल्ब आपला आपण लागतो, नंबर मात्र दर वेळी नव्यानं सांगावा लागत होता. लिनक्सला नुसतं तोंडी सांगून भागत नाही. त्याला लेखी लागतं, सरकारी माणसासारखं. एका फाइलीत नंबर लिहून ठेवला की मशीन उठल्या उठल्या ती वाचतं आणि आपण कोण ते आठवतं. शुक्रवारी बाईंना ती फाइल सापडली. त्यांनी नंबर लिहिला, एकेक आकडा मोठ्यानं वाचून तपासला, आणि मग अशी गोष्ट केली जी जालना जिल्ह्यात त्याआधी कुणी केली नसेल: लाईट जायची वाट बघत बसल्या. गेली. आली. मशीन उठलं. नंबर जागच्या जागी!

इथंच बाई थांबल्या असत्या तर ही गोष्टही थांबली असती. पण आनंद झाला की गप्प बसायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. गावात पहिल्यांदा फोन आले तेव्हा ज्याच्या घरी फोन त्याच्या भिंतीवर नंबर, हा रिवाजच होता. बाईंनी भुजंग पेंटरला बोलावलं. त्यानं क्लासच्या बोर्डावर पिवळ्या रंगात वीतभर उंचीचे आकडे काढले आणि टिंबांच्या जागी स्वखुशीनं चार पाकळ्यांची फुलं घातली.

आणि रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकू.

बाईंनी वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. चाळीस. प्रत्येकीच्या दांड्याला, स्वतः टाइप केलेली चिठ्ठी चिकटवलेली: 'प्रभावती टायपिंग क्लास. आमचा कायमचा इंटरनेट नंबर २०३.०.११३.४७. तिळगूळ घ्या, गोड बोला.' बायका आल्या, हळद लागली, कुंकू लागलं, ओटीत ऊस, बोरं, हरभरा पडला, आणि संध्याकाळपर्यंत चाळीस गाळण्या लुटल्या गेल्या. जयवंताबाई प्रत्येकीला एकवीसचा हिशेब बोटांवर करून दाखवत होत्या. गुरुजीसुद्धा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी एक गाळणी उचलून उजेडात धरली, चिठ्ठी वाचली आणि ती घेऊनच आत गेले. बाईंनी ते पाहिलं. पोत्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

सोमवारी बाई नऊ वाजता इरकलीचं लुगडं नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. इंजिनिअर जालन्यातून फक्त हाक मारणार होता, त्याला लुगडं दिसणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. नऊला इंटरनेट चालू होतं. साडेनऊला अडखळायला लागलं. दहा वाजून पाच मिनिटांनी मेलं.

बाईंनी फाइल उघडली. नंबर बरोबर. वायर काढून पुसून लावली. बरोबर. मशीन बंद करून उठवलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ती त्यांनी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचली. ओळीचा अर्थ असा होता: हा नंबर दुसरं कुणीतरी वापरत आहे.

त्यांनी काकासाहेबांना फोन लावला. काकासाहेबांनी तिकडे काय काय बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावातून दोन-तीन ठिकाणांहून येकच नंबर ओरडून राह्यला. हा म्हणतो मी प्रभावती, तो म्हणतो मी प्रभावती. माझं यंत्र गोंधळलंय. आता पत्र कुणाला द्यावं?"

"पण माझा नंबर दुसऱ्यांना कळला कसा?"

हे विचारता विचारता बाईंची नजर खिडकीतून बाहेर गेली. पिवळ्या आकड्यांवर सकाळचं ऊन पडलं होतं. फुलं छान दिसत होती.

"किती लोकांना म्हाईत आहे, मॅडम?"

"चाळीस घरं," बाई म्हणाल्या. "आणि रस्त्यानं जाणारे."

दहा वाजून वीस. गावात इंटरनेट असलेली ठिकाणं तीन: बाईंचा क्लास, स्टँडसमोरचं मच्छिंद्रचं कॅफे आणि शाळा. बाई चपला न घालताच निघाल्या. जयवंताबाई ओट्यावरून उतरल्या आणि मागं लागल्या. सुरक्षारक्षक म्हणून फॉर्मात त्यांची गणती झाली होती, तिला त्या जागल्या.

मच्छिंद्र आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीवर चापट्या मारत होता. पडद्याला झेंडूची माळ, शेजारी चहाची टपरी आणि टपरीवाल्याच्या हातात बाईंची गाळणी.

"मच्छिंद्र, माझा नंबर तू टाकलास?"

"व्हय ताई!" तो हरखून म्हणाला. "बायकूनं वाण आणलं काल. म्हणली, येकवीस येतात, टाका आपल्या बी मशीनला. सकाळी नारळ फोडून टाकला. पर चालंना झालंय."

"अरे, तो माझा एकटीचा आहे!"

"मंग लुटला कशाला, ताई? वाण घेतलं की वापरावं लागतं. ठिवून दिलं तर देणारीला वाईट वाटंल म्हणून—"

याला उत्तर दिलं ते जयवंताबाईंनी. "वाणाच्या गाळणीत च्या गाळायचा असतो रे, मुडद्या! काढ तो नंबर!"

मच्छिंद्रनं नंबर काढला. बाईंनी तिथूनच काकासाहेबांना फोन लावला.

"येक कमी झाला, मॅडम. तुमचा सोडून येक आजून हाये."

दहा छत्तीस. आता उरली शाळा. शाळेचा कॉम्प्युटर हेडमास्तरांच्या खोलीत, कुलपात. किल्ली कुणाकडे असते ते बाईंना पक्कं माहीत होतं. ती रोज रात्री त्यांच्याच देव्हाऱ्यात असायची.

गुरुजी कॉम्प्युटरसमोर बसून दोन बोटांनी काहीतरी टाइप करत होते. बाईंना अनवाणी बघून उठून उभे राहिले.

"अहो, तुम्ही? घरातल्या माणसानं?" बाई म्हणाल्या.

गुरुजींचे कान लाल झाले. "घरातलाच नंबर म्हणून टाकला," ते म्हणाले. "आमचं इथलं चार दिवसांपासून धड चालत नव्हतं. तुझं बघून राह्यलो ना मी. एवढ्या वेळा लाईट गेली आन् एवढ्या वेळा तू उठवलं. म्हटलं तुझा नंबर टाकला तर आमचं बी चालंल."

टेबलावर गाळणी होती. चिठ्ठी दांड्यावरून न फाडता, अलगद सोडवून, काचेखाली ठेवलेली होती. पडद्यावर अर्धवट अर्ज होता: मा. व्यवस्थापक, हिरवाई सीड्स, जालना. विषय: माझ्या पत्नीच्या टायपिंगच्या अचूकतेबाबत.

बाईंना रडू आलं असतं. दहा त्रेचाळीस झाले होते म्हणून आलं नाही.

"हे नंतर," त्या म्हणाल्या. "मी घरी पोचेपर्यंत नंबर काढा. काढला की मला कळलं पाहिजे."

"कसं कळवू? फोनवर तुझी काकासाहेबांशी गाठ असणार."

"घंटा वाजवा!"

आणि बाई पळाल्या. लुगड्याचा काठ हातात, मागून जयवंताबाई, त्यांच्या मागून मच्छिंद्र, कारण त्यालाही आता बघायचं होतं. इकडे गुरुजींना टाकलेला नंबर काढायची खूण सापडेना. दहा चोपन्नला त्यांनी कॉम्प्युटरची वायरच भिंतीतून उपटली, आणि मग स्वतः व्हरांड्यात जाऊन घंटा हाणली. एकदाच वाजवली तर बायकोला ऐकू जाणार नाही म्हणून लांब वाजवली. लांब घंटा म्हणजे सुट्टी. अडीचशे पोरं दप्तरं घेऊन आरडत गेटातून बाहेर पडली. गुरुजी हातात घंटेचा हातोडा घेऊन बघत राहिले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत वेळापत्रक त्यांनी पहिल्यांदा मोडलं होतं.

घंटा बाईंना ऐकू आली. पोरांचाही आवाज आला. त्यांनी मशीन उठवलं. ते सावकाश उठलं, आपली फाइल वाचली, आपण कोण ते आठवलं, आणि ती इंग्रजी ओळ आली नाही.

दहा अठ्ठावन्न. खोलीत चार विद्यार्थिनी, मच्छिंद्र, जयवंताबाई आणि खिडकीला सुटलेली शाळा. "लाईट जाईल का?" कुणीतरी विचारलं. जयवंताबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

अकरा वाजता फोन आला.

"हिरवाईतून बोलतोय. मॅडम, हाक मारू का?"

"मारा," बाई म्हणाल्या.

मॉडेमचा हिरवा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला, आणि मग लुकलुकतच राहिला.

"आली ओ," इंजिनिअर म्हणाला. "चारही हाकांना. उद्यापासून पानं पाठवतो. मॅडम, मागं एवढा आवाज कसला आहे?"

"आमची शाखा आहे," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी गुरुजी तुरीची पोती एकेक करून माळ्यावर चढवत होते. बाईंनी खालून हात लावला. त्या रात्रीच्या भाजीत मीठ बरोबर होतं.

राहिला बोर्ड. नंबर पुसायला भुजंगला बोलावलं तर गावात हळहळ झाली. जयवंताबाई तर रुसल्याच. "सवाष्णीनं दिलेलं वाण परत मागतात का?" बायका गाळण्या परत द्यायला दारात आल्या. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग लिनक्सच्या पोटातून त्यांना एक दुसराच नंबर सापडला. तो भुजंगनं त्याच जागी काढला, फुलांसकट: १२७.०.०.१.

हा नंबर फार गरीब स्वभावाचा आहे. त्यासाठी अर्ज लागत नाही, दाखला लागत नाही. जगातला प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःला आतल्या आत याच नंबरानं हाक मारतो. कुणीही, कुठूनही या नंबराला हाक द्यावी. ती आपल्याच घरी पोचते आणि आपलंच घर ओ देतं. बाईंनी चाळीस नव्या चिठ्ठ्या टाइप केल्या. 'हा फक्त हाक मारायचा नंबर आहे. मशीनला दुसरीकडे कुठं टाकू नये,' असं खाली ठळक.

मच्छिंद्रनं त्याच दिवशी हाक मारून बघितली आणि टपरीपासून पळत आला. "ताई, येका दमात ओ दिली! वायर काढून बघितली, तरी देतं!"

जयवंताबाईंनी बोटांवर बेरीज केली. अकरा. शगुनाचा आकडा. त्या प्रसन्न झाल्या, पण बोलायचं ते बोलल्याच.

"आगं, येवढा चांगला घरचा नंबर होता, मंग पहिला मागायला गेलीच कशाला तू?"